पाठदुखीवरचा उपचार

पुण्याच्या नाना पेठेतल्या त्या दवाखान्यात हमाल यायचे ते बहुधा एकच गाऱ्हाणं घेऊन. पाठ, कंबर, मान. डॉक्टरांनी लेप द्यावा, औषध द्यावं, चार दिवस विश्रांती घ्या म्हणावं. पण हमालाने विश्रांती घेतली की घरची चूल थंड. मग दुसऱ्या दिवशी पहाटे पोत्यात आकडा रुतवून तोच माणूस पुन्हा शंभर किलोखाली वाकलेला. पोत्याचं वजन उतरल्याशिवाय ही पाठ बरी व्हायची नाही, हे निदान डॉ. बाबा आढावांनी 1950च्या दशकातच केलं आणि उपचार आयुष्यभर चालू ठेवला.

हमाल पंचायत त्यातूनच उभी राहिली. हमाली ठरलेल्या दराने मिळावी, पोतं पन्नास किलोचं व्हावं, या मागण्या आज साध्या वाटतात. त्यासाठी बाजार बंद ठेवावे लागले. 1969 साली माथाडी कायदा झाला. मुंबईत अण्णासाहेब पाटील आणि पुण्यात बाबा, दोघांच्याही झुंजीचं ते फळ. ज्याला मालकच नाही अशा कामगाराला भविष्यनिर्वाह निधी मिळू शकतो, हे महाराष्ट्राने तेव्हा करून दाखवलं.

बाबा मधल्या काळात पुणे महापालिकेत नगरसेवकही होते. पण सभागृहात त्यांचा जीव रमला नाही, आणि मला ते बरंच झालं असं वाटतं. 1972च्या दुष्काळात गावोगावी विहिरी आटल्या, तरी दलितांना सार्वजनिक पाणवठा बंदच. ‘एक गाव एक पाणवठा’ म्हणत बाबा खेड्यांमागून खेडी फिरले. तहानेला जात नसते, पण पोहऱ्याला होती. हे गावकऱ्यांच्या तोंडावर सांगायला छाती लागते. आणीबाणीत तुरुंग झाला, मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठीही झाला.

1974 साली हमाल पंचायतीने ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. ओझं वाहून आलेल्या माणसाला ना नफा ना तोटा दरात गरम झुणका-भाकर. डॉक्टरच्या डोक्यातूनच निघावी अशी ही गोष्ट: औषधाआधी पोटभर अन्न. 1993 साली कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बायांची पंचायत झाली, तिच्याही पाठीशी बाबा होतेच. कचऱ्यात हात घालणाऱ्या त्या बायांना पुढे ओळखपत्रं मिळाली. नाव आणि फोटो असलेलं ते कार्ड गळ्यात आलं की हटकणाऱ्याला उत्तर देता येतं.

नोव्हेंबर 2024 मध्ये, वयाच्या 94व्या वर्षी, ते महात्मा फुले वाड्यात तीन दिवस उपोषणाला बसले. निवडणुकीतला पैसा आणि मतदान यंत्रांबद्दलचा संशय त्यांना स्वस्थ बसू देईना. तरुण कार्यकर्ते तब्येतीच्या काळजीने कासावीस, आणि बाबा लोकशाहीच्या.

8 डिसेंबर 2025 रोजी ते गेले. असंघटित कष्टकऱ्याला म्हातारपणी सन्मानाने जगता येईल एवढी पेन्शन मिळावी, यासाठी ते थेट दिल्लीच्या जंतरमंतरवर जाऊन बसले होते. ती मागणी अजून तशीच पडून आहे.