टनाला साडेपाच घोडे

टाटाच्या ट्रकचा नंबर वाचता आला की त्याची निम्मी कुंडली कळते. 1210 म्हणजे साधारण 12 टन वजन आणि 100 अश्वशक्ती, 1613 म्हणजे 16 टन आणि 130. धुळ्यात मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर महामार्ग एकमेकांना छेदतात. तिथून आज जाणाऱ्या सिग्ना 5530 चं मालासकट वजन 55 टन आणि ताकद 300 अश्वशक्ती. आता भागाकार करून बघा. जुन्या गाडीत टनाला आठ घोडे होते, नव्या गाडीत साडेपाच. इंजिन तिप्पट झालं, ओझं साडेचारपट झालं आणि दोघांच्या मधे गिअरबॉक्स सापडला.

शौकिनांच्या गप्पांत मजबूत गिअरबॉक्सचा विषय निघाला की नावं अमेरिकन मसल कारचीच येतात. क्रायस्लरचं 1966 चं हेमी इंजिन 425 अश्वशक्तीचं, आणि ते दोन टनांहून हलक्या गाडीत बसवलेलं. टनाला दोनशेच्या वर घोडे! पण गिअरबॉक्सला घोड्यांचं फारसं सोयरसुतक नसतं. त्याला छळतो तो टॉर्क, म्हणजे शाफ्टला बसणारा पीळ. हेमीचा टॉर्क कागदावर सुमारे 664 न्यूटन-मीटर, तर 5530 च्या कमिन्स इंजिनाचा 1100. पहिल्या गिअरमध्ये हा पीळ कित्येक पटींनी वाढून मागच्या शाफ्टवर येतो.

त्यात आणखी एक गोम आहे. चाक जेवढा विरोध करेल तेवढाच भार गिअरच्या दातांवर येतो. मसल कारचा क्लच झटक्यात सोडला तर टायर जागच्या जागी फिरतात, धूर निघतो आणि दात बचावतात. तिकडच्या शर्यतवाल्यांनी रुंद, चिकट टायर लावले तेव्हा गिअरबॉक्स फुटू लागले, ते याच कारणाने. भरलेल्या ट्रकचं चाक असं घसरत नाही. हिसका बसला की क्लचप्लेट, दात, बेअरिंग आणि जॉइंट क्रॉस यांनी तो आपसांत वाटून घ्यायचा. म्हणून माझ्या मते खडतर आयुष्य ट्रकच्याच गिअरबॉक्सचं आहे. फक्त त्याची पोस्टरं कुणी भिंतीवर लावत नाही.

खानदेशात त्याची परीक्षा घ्यायला घाट पुष्कळ. धुळ्याच्या दक्षिणेला लळिंग, चाळीसगावच्या पुढे कन्नडचा औट्रम घाट, आणि शिरपूर–पळासनेर ओलांडलं की बिजासन. औट्रम घाटात 2023 च्या ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने अवजड वाहनांना बंदी झाली आणि ट्रक नांदगाव–शिऊर बंगला मार्गे वळले. त्याच वर्षी जुलैमध्ये पळासनेरला ब्रेक निकामी झालेला कंटेनर हॉटेलात घुसला आणि अनेकांचे जीव गेले. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम. खालचा गिअर टाकला की इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं आणि ब्रेक थंड राहतात. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारा ड्रायव्हर मात्र सगळा भार ब्रेकवर टाकतो.

जुन्या बॉक्सना डबल क्लच लागायचा. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून रेस, पुन्हा क्लच आणि मग खालचा गिअर. दोन गिअरचाकांचा वेग जुळला नाही तर दात किरकिरायचे आणि शेजारी बसलेला किन्नर, म्हणजे क्लीनर, हसायचा. सिंक्रोनायझर आले तसं हे कसब मागे पडलं. वेग जुळवण्याचं काम आता पितळी रिंग करते. पण रिंग झिजते, आणि घाईत लवकर झिजते. रावेर–सावद्याची केळी भरून उत्तरेकडे निघालेल्या गाडीला घाई असणारच. माल पिकायच्या आत पोचायला हवा.

आजार ओळखायला मिस्तरीला कान पुरतात. न्यूट्रलमध्ये घरघर येते आणि क्लच दाबताच थांबते, तर बहुधा पुढचं किंवा लेशाफ्टचं बेअरिंग. ओढ सोडताच गिअर आपोआप निसटतो, तर फोर्क किंवा दातांच्या कडा झिजलेल्या. नट उघडून ऑइल काढलं आणि त्यात बारीक चमकी दिसली तर चालतं. तुकडा सापडला की बॉक्स उतरवायचा. ऑइलही डोळे मिटून ओतायचं नसतं. नव्वद नंबरचं आहे एवढ्यावर भागत नाही. डिफरन्शियलसाठीच्या काही ऑइलांतलं गंधक पितळी रिंग खातं.

आणि चांगला बॉक्स हकनाक मरतो तो पुष्कळदा टोचन करताना. अशा बहुतेक बॉक्समधलं ऑइल पंपाने नव्हे, खालच्या शाफ्टच्या, म्हणजे लेशाफ्टच्या, गिअरांनी उडून वर पोचतं. बंद पडलेला ट्रक मागची चाकं जमिनीवर ठेवून ओढला तर चाकांमुळे वरचा मेनशाफ्ट फिरत राहतो, खालचा मात्र थांबलेला असतो, आणि बुश कोरडेच घासतात. पारोळ्याहून धुळ्यापर्यंत असा ओढत आणलेला ट्रक इंजिनाच्या दुरुस्तीसाठी आला, तरी गिअरबॉक्सचं बिल वेगळं निघू शकतं. टोचन लावण्याआधी प्रोपेलर शाफ्टचे बोल्ट सोडले असते तर ते बिल निघालं नसतं.