टेबलावरची शकुंतला

सेवानिवृत्त मनुष्याने सकाळी स्नानसंध्या, दुपारी वर्तमानपत्र आणि सायंकाळी देवळाच्या ओट्यावर राजकारण, इतका नित्यक्रम पार पाडला म्हणजे त्याचे इतिकर्तव्य संपले, असा आपल्याकडे समज आहे. अशा मनुष्याने साठी उलटल्यावर घराच्या माडीवर आठ फूट लांब व चार फूट रुंद अशी प्लायवूडची फळी चढवावी आणि तीवर बोटभर आगगाडीचे रूळ ठोकावयास बसावे, तर घरच्या मंडळींच्या मनात कोणते विचार येतील, हे सुज्ञ वाचकांस सांगावयास नकोच. आमच्या सौभाग्यवतींनी फळीकडे पाहून एवढेच विचारले, “नातवासाठी का?” आम्ही होय म्हणालो. ते अर्धसत्य होते. उरलेले अर्धे सत्य सांगावे आणि त्या फळीने आम्हांस उतारवयात जो धडा शिकविला तोही सांगावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे आजोळ दर्यापूरचे. मूर्तिजापुराहून अचलपुरास जाणारी जी अरुंद रुळांची गाडी, जिला वऱ्हाडातील लोक प्रेमाने शकुंतला म्हणत, तिच्यात बसून आम्ही प्रत्येक उन्हाळ्यात मामाकडे जात असू. वऱ्हाडच्या कापसावर विलायतेतील गिरण्यांची दृष्टी. मुंबईहून नागपुरापर्यंतचा मोठा लोहमार्ग १८६७ साली पुरा झाला, आणि पुढे त्या मार्गापर्यंत आतल्या गावांतील कापूस आणावा म्हणून किलिक निक्सन कंपनीने हे धाकटे रूळ घातले. त्याकरिता सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी १९१० साली स्थापन झाली. मूर्तिजापूर मध्ये धरून एक फाटा यवतमाळास सुमारे ११३ किलोमीटर, दुसरा अचलपुरास सुमारे ७६ किलोमीटर. स्वातंत्र्यानंतर देशातील रेल्वे सरकारच्या झाल्या, तरी हा मार्ग कंपनीच्याच मालकीचा राहिला. १९२१ साली मँचेस्टर येथे घडविलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून सत्तर वर्षे येथे राबले. १५ एप्रिल १९९४ रोजी ते काढून डिझेलचे जोडण्यात आले. वाटेत फाटक आले की गाडी थांबे, गाडीतलाच मनुष्य उतरून फाटक लावी, गाडी पलीकडे गेली की उघडी आणि पुन्हा डब्यात चढे. असे सावकाश चालणारे वाहन हल्लीच्या काळास मानवले नाही. दोन्ही फाट्यांवरील गाड्या थांबल्या, आणि रुळांमध्ये गवत व बाभळी उगवल्या.

कालिदासाच्या नाटकातील राजा शकुंतलेस विसरतो, आणि हरवलेली अंगठी मासोळीच्या पोटातून सापडते तेव्हा त्यास सर्व आठवते. ती अंगठी हेच ‘अभिज्ञान’, ओळखीची खूण. आमची शकुंतला गेली. तिची एखादी अंगठी आपल्या घरी असावी, हे ते उरलेले अर्धे सत्य होय.

या कल्पनेस धीर आला तो पुण्यास. कोथरूड भागात जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय आहे. भाऊसाहेब जोशी यांनी आरंभी आपल्या छोट्या गाड्यांची फिरती प्रदर्शने भरविली. दर वेळी सारे उकलून पुन्हा जोडावयाचे कष्ट पाहून पुढे कायमचे नगरच उभारले, आणि १९९८ साली ते लोकांस खुले केले. सिग्नल, दिवे, पूल, निरनिराळ्या जातींच्या गाड्या, सर्व विजेवर आपापल्या वेळी चालते. ते पाहून आम्ही बाहेर आलो आणि तेथेच निश्चय केला. अशी कामे एकट्याने होत नाहीत, हे मात्र तेव्हा पुरते उमगले नव्हते.

आम्हांस तीन साहाय्यक लाभले. पहिले आमच्याच शाळेतील गणिताचे शिक्षक. त्यांस येथे गणिती म्हणू. दुसरा आमचा बालमित्र. एका बाकावर बसून आम्ही मॅट्रिक झालो. नंतर तो वायरमनचे काम शिकून अकोल्यास स्थायिक झाला व निवृत्त झाला. तो अकोलेकर. तिसरे, त्याच धाकट्या गाडीवर उमेद घालविलेले, ऐंशी ओलांडलेले एक गार्डसाहेब. दर रविवारी अकोलेकर सकाळच्या गाडीने बडनेऱ्यास उतरे, तेथून अमरावतीस आमच्या घरी येई, आणि चौघांची सभा भरे.

पहिला प्रश्न प्रमाणाचा. जगात या छंदाचे जे सर्वमान्य प्रमाण आहे त्यात सत्त्याऐंशी फुटांचा एक फूट होतो. शकुंतलेच्या दोन रुळांतील अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्यास सत्त्याऐंशीने भागले असता पावणेनऊच्या आसपास येतात, आणि बाजारात नऊ मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात. हा हिशेब जुळला तेव्हा गणितींचा चेहरा परीक्षेत पहिला आलेल्या मुलासारखा झाला. पण त्यांनीच लगेच दुसरा हिशेब मांडला: मूर्तिजापूर ते अचलपूर हे सर्व अंतर त्याच प्रमाणात घातले तर टेबल पावणेनऊशे मीटर लांब लागेल. तेव्हा मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव व अचलपूर ही चारच स्थानके घ्यावी, आणि मार्ग फळीवर नागमोडी फिरवावा, असे ठरले.

दसऱ्यास मुहूर्त केला. आम्ही कपाशीचे शेत केले: नारळाच्या काथ्याची झुडपे आणि त्यांवर चिमटीने लावलेला खराखुरा कापूस. जमिनीसाठी शेतातील काळी माती चाळून, पातळ केलेल्या डिंकाने बसविली. दुसऱ्याच दिवशी इंजिन अडले. उघडून पाहता त्याच्या लोहचुंबकास काळी कुसळे चिकटलेली! आपली काळी माती अग्निजन्य खडकाची. तिच्यात लोहाचे कण असतात. मग सारी माती खरवडून काढली, तीवरून तीन वेळा लोहचुंबक फिरविले आणि पुन्हा बसविली. गार्डसाहेब एवढेच म्हणाले, “आमच्या वेळीही ही माती अशीच चिकटत असे, मास्तर. पण ती जोड्यांना.”

रूळ पौषातील थंडीत, एकमेकांस अगदी टेकवून ठोकले होते. वैशाखात माडी तापली, आणि अंजनगावापाशी रूळ धनुष्यासारखा वाकून वर आला. गणितींनी हिशेब केला: आठ मीटर रूळ तीस अंशांनी तापला तर चार मिलिमीटर वाढतो. खऱ्या लोहमार्गावर सांध्यांत फट का ठेवीत, हे आम्ही मुलांस पुस्तकातून तीस वर्षे शिकविले होते. आमच्याच माडीवर ते विसरलो.

तारांचे काम अकोलेकराचे. फळीच्या खालून एक तांबडी व एक काळी अशा दोन जाड तारा टोकापासून टोकापर्यंत नेल्या, आणि हातभर अंतरावर त्यांपासून बारीक तारा काढून प्रत्येक रुळास डाख दिला. एका रुळास तांबडी, दुसऱ्यास काळी. वीज एका रुळातून इंजिनात शिरते व दुसऱ्यातून परतते. बारा व्होल्टचा एकाच दिशेने वाहणारा प्रवाह, त्यामुळे अंगास धक्का बसण्याचे भय नाही. दिशा उलटविली की इंजिन उलट चालते. ट्रान्सफॉर्मरशेजारी त्याने बारीक तारेची फ्यूज बसविली आणि आम्हांस बजावले, “हिला हात लावू नको.”

आता आमच्या चुकीची कथा. अचलपुरास गाडी पोचली की इंजिन सोडवून दुसऱ्या टोकास जोडावयाचे, ही खरी रीत. गार्डसाहेबांनी ती सांगितली. आम्हांस मात्र गाडीस हात न लावता ती आपोआप परतावी असा मोह पडला, आणि अकोलेकर दोन रविवार येऊ शकला नाही तेवढ्यात आम्ही सातपुड्याच्या कापडी डोंगरामागे रुळांचा एक फास केला, जेणेकरून गाडी वळसा घेऊन आली त्याच रुळास मिळावी. शेवटचा तुकडा जोडून कळ दाबली, फ्यूज गेली. नवी घातली, तीही गेली. तिसऱ्या खेपेस अधीर होऊन आम्ही तेथे जाड तार बसविली. आमच्या पिढीतील किती घरांत असे झाले असेल, ते ज्याचे त्याने आठवावे. क्षणभराने जळका वास आला आणि ट्रान्सफॉर्मर धुरावला.

पुढच्या रविवारी अकोलेकर आला. आम्ही त्यास फासाविषयी सांगितले. जाड तारेविषयी मात्र सांगितले नाही. ती काढून आम्ही खिशात घातली होती. उलट, आयुष्यभर मुलांच्या वह्यांवर तांबडी शाई ओढलेल्या सुरात म्हणालो, “तुझ्या तारांतच काहीतरी दोष आहे.” गणिती व गार्डसाहेब तेथेच होते. अकोलेकर काही बोलला नाही. त्याने आपले पक्कड व पेचकस पिशवीत घातले आणि दुपारच्या गाडीने परत गेला. नंतरचा रविवार रिकामा गेला, त्यानंतरचाही. पन्नास वर्षांची मैत्री वीतभर तारेपायी तुटू पाहत होती, आणि ती तार आमच्या खिशात होती.

खरा दोष दाखविला तो आमच्या नातवाने. तो कागदावर आमच्या मार्गाचा नकाशा काढून एक रूळ तांबड्या व दुसरा निळ्या पेन्सिलीने रंगवीत होता. फासात तांबडी रेघ फिरत फिरत आली ती नेमकी निळीस मिळाली. “आजोबा, तांबडा रूळ निळा कसा झाला?” आम्ही कागद हाती घेऊन किती वेळ पाहत राहिलो ते आठवत नाही. गाडी वळते तेव्हा तिचा डावा रूळ उजव्यास मिळतो. म्हणजे तांबडी तार काळीस आम्हीच जोडली होती. अकोलेकराची प्रत्येक तार निर्दोष होती. फ्यूज तेच ओरडून सांगत होती, आणि आम्ही तिचे तोंड बंद केले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही अकोल्याची गाडी धरली. श्रावणातला पाऊस पडत होता. मूर्तिजापुरास गाडी थांबली तेव्हा खिडकीतून पलीकडचा तो धाकटा फलाट दिसला. रुळांवर रान माजले होते. जपले नाही ते असेच जाते, हे सांगावयास तेथे कोणी शिक्षक लागत नव्हता.

अकोलेकराने दार उघडले. आम्ही खिशातील जाड तार काढून त्याच्या हातावर ठेविली आणि झालेले सर्व सांगितले. तो हसला. “मला त्याच दिवशी कळलं होतं, मास्तर. फ्यूजच्या पेचांवर जाड तारेच्या खुणा होत्या.”

“मग बोलला का नाहीस?”

“चारचौघांत बोललो असतो तर तुझं तोंड उतरलं असतं. म्हटलं, हा येईल.” आणि मग, “फ्यूज जाते ती खोडी म्हणून नाही बाप्पा, ती हाक असते.”

आतून त्याने एक लाकडी पाटी आणली. तीवर एक दुहेरी कळ बसविलेली होती, खालून तिच्या तारा फुलीसारख्या तिरप्या ओलांडलेल्या. शेतावरची मोटार उलटी फिरू लागली की दोन तारांची अदलाबदल करतात, त्याच न्यायाने ही कळ प्रवाहाची दिशा बदलते. फासाच्या दोन्ही मुखांशी दोन्ही रूळ करवतीने कापावयाचे, फटीत प्लास्टिकचा तुकडा घालावयाचा, म्हणजे फास मुख्य मार्गापासून विजेपुरता वेगळा झाला. त्यास वीज द्यावयाची ती या कळेतून. गाडी शिरताना फासाची दिशा मुख्य मार्गाशी जुळवावी. गाडी पुरती फासात आली की मुख्य मार्गाची दिशा उलटवावी. मग ती निर्वेध बाहेर पडते. ही पाटी त्याने त्या रिकाम्या रविवारांतच बनविली होती.

दिवाळीच्या पाडव्यास चौघे व घरची मंडळी माडीवर जमली. गार्डसाहेबांनी घरून आपली जुनी शिटी आणली होती. त्यांनी ती वाजविली, नातवाने कळ फिरविली, आणि पुठ्ठ्याच्या कवचाखालचे ते इंजिन चार डबे ओढीत मूर्तिजापुराहून निघाले. दर्यापूर आले तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे मामांची बैलगाडी उभी राहिली. गाडी सातपुड्यामागे दिसेनाशी झाली. अकोलेकराने हळूच दुसरी कळ उलटविली. गाडी पुन्हा बाहेर आली. सौभाग्यवती म्हणाल्या, “हे नातवासाठी नव्हतेच.”

ज्या वाचकांस हा छंद करावासा वाटेल त्यांस चार शब्द. आरंभ लहान फळीवर करावा. माती वापरण्यापूर्वी लोहचुंबक फिरवावे. रुळांत फट ठेवावी. फास टाळता आल्यास टाळावा. न टाळता आल्यास आधी दोन रंगांच्या पेन्सिलींनी कागदावर काढून पाहावा. फ्यूजच्या जागी जाड तार कदापि घालू नये. खर्चाची व वेळेची टीका होईल. तिला उत्तर म्हणून सांगावे की अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत विद्यार्थ्यांनी १९४६ साली असेच एक आगगाडी मंडळ काढले, आणि त्या टेबलाखालच्या तारांत रमलेल्या मुलांपैकी काही पुढे संगणकाच्या आद्य कारागिरांत गणली गेली.

आणि एक. खाली दोन जाड तारा नीट असल्या म्हणजे वरचे कितीही बिघडलेले दुरुस्त होते, असे अकोलेकर म्हणतो. तो विजेविषयी बोलत असतो. ती खिशातली तार मात्र आम्ही फेकून दिलेली नाही. फळीच्या कडेस, मूर्तिजापूर स्थानकाच्या खाली, खिळ्यास टांगून ठेविली आहे. आमचे अभिज्ञान तेच.