चिमणीच्या रक्तातला हिवताप

हिवतापाचा परजीवी काही फक्त माणसाच्या रक्तात वाढत नाही. शहरातल्या चिमण्या, कबुतरे आणि कावळे यांच्या रक्तातही त्याचे भाऊबंद आढळतात. त्यातला प्लाझ्मोडियम मुख्यतः क्युलेक्स डासांमार्फत पसरतो, तर कबुतरांतला हिमोप्रोटिअस त्यांच्या पिसांत वावरणाऱ्या चपट्या, रक्तपिपासू माशीमार्फत. पक्ष्यांचा हिवताप माणसाला होत नाही. मात्र डासाच्या चाव्यातून हिवताप कसा पसरतो, हे रोनाल्ड रॉस यांनी १८९८ साली कोलकात्यात उलगडले ते पक्ष्यांवरच्या प्रयोगांतूनच.

तपासणीसाठी पंखाखालच्या शिरेतून रक्ताचे एक-दोन थेंब पुरतात. काचपट्टीवर त्यांचा पातळ थर पसरून तो गिम्सा रंगाने रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पक्ष्यांच्या तांबड्या पेशीत केंद्रक असते; परजीवी त्याच्या शेजारी वाढतो, कधी त्याला वेढा घालतो, कधी बाजूला सारतो. हिमोग्लोबिन पचवून उरलेले गडद रंगकणही त्याच्या अंगात दिसतात. हिमोप्रोटिअसचे विभाजन शरीराच्या आतल्या ऊतींत होते, त्यामुळे रक्तात त्याची केवळ लैंगिक रूपे सापडतात. तांबड्या पेशीत विभाजन चाललेले दिसले, तर तो प्लाझ्मोडियम.

जुनाट संसर्गात परजीवी इतके विरळ असतात, की तासभर पाहूनही डोळ्यांना हुलकावणी देतात. करोनाकाळात घरोघरी पोचलेली पीसीआर चाचणी इथे कामी येते. परजीवीच्या सायटोक्रोम-बी जनुकाचा तुकडा वाढवून त्याचा क्रम वाचला जातो आणि स्वीडनच्या लुंड विद्यापीठातील ‘मालावी’ या माहितीसंचाशी ताडून पाहिला जातो. पण एकाच पक्ष्यात दोन परजीवी असले, तर त्यातला एक निसटू शकतो. शिवाय परजीवीची पुढची वाढ त्या पक्ष्यात होते आहे की खुंटली आहे, हे नुसत्या जनुकावरून कळत नाही. म्हणून काचपट्टी आजही अडगळीत गेलेली नाही.

लंडनमध्ये २००६ ते २००९ या काळात चिमण्यांच्या ११ वसाहती तपासल्या गेल्या, तेव्हा सरासरी ७४ टक्के चिमण्यांत प्लाझ्मोडियम रेलिक्टम आढळला. चिमण्या घटत असलेल्या आणि वाढत असलेल्या वसाहतींत बाधितांचे प्रमाण फारसे वेगळे नव्हते. फरक होता तो एकेका पक्ष्यातील परजीवींच्या संख्येत. घटत्या वसाहतींत ती सरासरीने जास्त होती आणि ज्या कोवळ्या चिमण्यांत ती वाढलेली, त्या हिवाळा तगण्याची शक्यता कमी होती.