विश्लेषण : प्रोसेसर ‘ओव्हरक्लॉक’ केल्याने गेम खरेच वेगाने चालतो का?

नवा पीसी घेण्याएवढे पैसे नाहीत, गेम मात्र अडखळतो. अशा वेळी यूट्यूबवरचा एखादा व्हिडीओ सांगतो, ‘बायोसमध्ये दोन आकडे बदला, फुकटात वेग वाढवा.’ पावससारख्या समुद्रालगतच्या गावात राहणाऱ्याने हा सल्ला ऐकावा का?

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय?
प्रोसेसरचा वेग गिगाहर्ट्झमध्ये मोजतात. ४ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ४०० कोटी ठोके. कंपनीने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा हे ठोके वाढवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. वेग वाढवला की तो टिकवण्यासाठी बहुतेकदा व्होल्टेजही वाढवावे लागते.

गेममध्ये फरक पडतो का?
कधी पडतो, कधी अजिबात नाही. गेममधील प्रत्येक चित्र, म्हणजे फ्रेम, दोघे मिळून तयार करतात. कोण कुठे उभे आहे, गोळी कुठे लागली हा हिशेब प्रोसेसर करतो. चित्र रंगवण्याचे काम ग्राफिक्स कार्डाचे. जो हळू, त्याच्या वेगाने गेम चालतो.

समजा, एका फ्रेमसाठी प्रोसेसरला १० मिलिसेकंद लागतात आणि ग्राफिक्स कार्डाला १६. मग सेकंदाला साधारण ६२ फ्रेम्स मिळतील. प्रोसेसर १० टक्क्यांनी पळवला तरी त्या ६२च राहतील, कारण अडवणूक ग्राफिक्स कार्डाची आहे. उलट कार्डाला ६ मिलिसेकंदच लागत असतील, तर फ्रेम्स १००वरून ११०च्या आसपास जाऊ शकतात. पण मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल, तर ही वाढ पडद्यावर फारशी जाणवणार नाही.

आपला अडथळा कोणता, हे कसे ओळखावे?
गेम चालू असताना ग्राफिक्स कार्डाचा वापर पाहा. ‘एमएसआय आफ्टरबर्नर’सारखे मोफत सॉफ्टवेअर तो पडद्यावर दाखवते. वापर सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल, तर प्रोसेसरला हात लावून उपयोग नाही. दुसरी चाचणी आणखी सोपी. गेमचे रिझोल्यूशन कमी करा. फ्रेम्स वाढल्या नाहीत, तर अडथळा प्रोसेसरचा असण्याची शक्यता जास्त.

पूर्वी इतका फायदा कसा व्हायचा?
१९९८मध्ये आलेला इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा ३०० मेगाहर्ट्झचा स्वस्त प्रोसेसर अनेकांनी ४५० मेगाहर्ट्झवर चालवला. थेट दीडपट! आजचे प्रोसेसर तापमान आणि वीज पाहून ‘बूस्ट’च्या रूपाने स्वतःच वेग वाढवतात. कंपनीनेच बहुतेक क्षमता वापरलेली असल्याने हाताने करण्यासारखे थोडेच उरते.

सगळे प्रोसेसर ओव्हरक्लॉक होतात का?
नाही. इंटेलमध्ये साधारणपणे नावात ‘के’ असलेले प्रोसेसर आणि झेड मालिकेचा मदरबोर्ड लागतो. एएमडीचे बहुतांश डेस्कटॉप रायझन खुले असतात, मात्र ए मालिकेच्या स्वस्त मदरबोर्डवर ही सोय नसते. बहुतेक लॅपटॉपचे प्रोसेसर बंदिस्तच असतात. मोबाइलवरील ‘गेम बूस्टर’ अ‍ॅपही ओव्हरक्लॉकिंग करत नाहीत. बहुधा मागे चालणारी अ‍ॅप बंद करतात, इतकेच.

कोकणच्या हवेत धोका जास्त का?
प्रोसेसरला लागणारी वीज वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग ५ टक्के आणि व्होल्टेज १० टक्के वाढवले, तर वीज व उष्णता सुमारे २७ टक्क्यांनी वाढते. व्हिडीओतील चाचणी एसी लावलेल्या खोलीत झालेली असू शकते. पावसमध्ये मे महिन्यात खोलीचे तापमान त्याहून १० अंश जास्त असेल, तर प्रोसेसरही जवळपास तेवढाच अधिक तापेल. तो फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, म्हणजे मिळवलेले तिथेच गेले. खारी, दमट हवा धातूचे भाग गंजवते आणि धूळ पंख्यात चिकटवते, ते वेगळेच.

जास्त व्होल्टेज काय करते, हे २०२४मध्ये दिसले. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर कोणी ओव्हरक्लॉक न करताही वाढीव व्होल्टेजमुळे बिघडू लागले. कंपनीला सुधारित मायक्रोकोड द्यावा लागला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. स्वतः केलेल्या ओव्हरक्लॉकिंगमुळे प्रोसेसर गेला, तर मात्र वॉरंटीची आशा धरू नये.

मग काय करावे?
आधी पीसी उघडून धूळ काढा, जुनी थर्मल पेस्ट बदला. एकच रॅम असेल तर तशीच दुसरी बसवा. दोन रॅम जोडीने चालल्या की प्रोसेसरपर्यंत माहिती अधिक वेगाने पोहोचते. रॅम तिच्या पाकिटावर लिहिलेल्या वेगाने चालते का, हे बायोसमध्ये तपासा. अनेकदा ती त्याहून हळू चालत असते. गेममधील सावल्यांची सेटिंग एक पायरी खाली आणा. पावसाळ्यात वीज ये-जा करते तिथे यूपीएस हवाच.

एवढे करूनही गेम अडखळला, तर महागडा कूलर आणि नवा मदरबोर्ड यांवर खर्च करण्याऐवजी तेच पैसे ग्राफिक्स कार्डासाठी साठवा. बहुतेक गेममध्ये त्याचाच फरक डोळ्यांना दिसतो.