स्मृति आणि दृष्टि

चित्रप्रदर्शनांतून बाहेर पडणाऱ्या मनुष्याला "काय पाहिलेंत?" असें विचारलें, तर पुष्कळदां उत्तर मिळतें, "चित्रें चांगलीं होतीं. पण तीं कशाचीं होतीं तें कळलें नाहीं." हें उत्तर प्रामाणिक आहे, त्याला हंसण्याचें कारण नाहीं. अनेक चित्रकार एकत्र येऊन स्मृति व संवेदन ह्यांसारखा विषय मांडतात, तेव्हां तर प्रेक्षक अधिकच गोंधळतो. म्हणून डोळ्यांपुढचें चित्र आणि मनांतलें चित्र ह्यांचा संबंध काय, एवढ्याच प्रश्नाचा आज विचार करूं.

उदाहरण घरचेंच घेऊं. डोलवी हें गांव पेण तालुक्यांतलें. आणि पेण म्हणजे गणपतीच्या मूर्तींचें माहेर. तेथें मूर्ति साच्यांतून निघतात, पण डोळ्यांची आखणी कसबी कारागीर हातानें करतो. बुबुळ किंचित् सरकलें तरी पाहणाराला तें खटकतें. तो मोजमाप घेत नाहीं, त्याला नियमहि सांगतां येत नाहीं. तरी "नजर नीट आली नाहीं" असें तो तत्काळ म्हणतो. हा निवाडा एकट्या डोळ्यांचा नव्हे. वर्षानुवर्षें पाहिलेल्या मूर्तींचा संस्कार त्या डोळ्यांमागें उभा असतो.

आपल्या नैयायिकांनीं ह्या गोष्टीचा सूक्ष्म विचार केलेला आहे. समोर कांहींतरी आहे एवढेंच भान होणें हें निर्विकल्पक प्रत्यक्ष. ती अमुक वस्तु आहे असें जाणणें हें सविकल्पक प्रत्यक्ष. आणि काल पाहिलेला तोच हा मनुष्य, अशी जी ओळख पटते ती प्रत्यभिज्ञा. तींत इंद्रिय आणि संस्कार दोघेहि भागीदार असतात.

अर्वाचीन मानसशास्त्रानें स्मृतीचीच परीक्षा घेतली. केंब्रिजचे फ्रेडरिक बार्टलेट ह्यांनीं १९३२ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत एक प्रयोग वर्णिला आहे. उत्तर अमेरिकेंतील आदिवासींची एक कथा इंग्रज वाचकांना वाचावयास देऊन ती कांहीं काळानें पुन्हां सांगावयास लावली. कथा आखूड होत गेली. अपरिचित तपशील गळाले आणि त्यांच्या जागीं ओळखीचे आले. सीलची शिकार करावयास गेलेले तरुण मासे धरावयास गेले! म्हणजे स्मृति हें कोठारांत भरून ठेवलेलें धान्य नव्हे. तें दर वेळीं नव्यानें शिजवावें लागतें, आणि शिजविणाराचा हात त्याला लागतोच.

हें ध्यानांत घेतलें म्हणजे सामुदायिक प्रदर्शनाचें प्रयोजन उलगडतें. १९४९ च्या जुलै महिन्यांत मुंबईस, बॉम्बे आर्ट सोसायटीच्या रॅम्पार्ट रोवरील दालनांत, प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचें पहिलें प्रदर्शन भरलें. त्याचा विषय स्मृति हा नव्हता. परंतु सहा जण सहा ठिकाणांहून आलेले होते: सूझा गोव्यांतले, हुसेन पंढरपुरास जन्मलेले, गाडे अमरावती जिल्ह्यांतले, बाकरे बडोद्याचे, आरा सिकंदराबादजवळच्या बोलारमचे आणि रझा मंडला जिल्ह्यांतील अरण्यप्रदेशांतले. शहर सर्वांचें एकच, पाहणारे सहा.

त्यांपैकीं रझा १९५० सालीं फ्रान्सला गेले. लहानपणीं शाळेंत चित्त स्थिर राहीना, म्हणून शिक्षकांनीं भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे पाहावयास सांगितल्याची आठवण ते सांगत. सुमारें अर्ध्या शतकानंतर, परदेशांत राहून, तोच बिंदु त्यांच्या चित्रांचा केंद्र झाला. आठवण इतकी वर्षें निजून राहते आणि मग दृष्टीलाच वळण लावते.

दुसरें उदाहरण डोलवीच्या शेजारचें आहे. वडखळच्या नाक्यावरून अलिबागकडे रस्ता फुटतो. अलिबागच्या दक्षिणेस नागांव लागतें. तेथें १९३६ सालीं प्रभाकर बरवे ह्यांचा जन्म झाला. पान, शिंपला, घड्याळ, किल्ली अशा साध्या वस्तु ते घेत. पण त्या मेजावर मांडल्यासारख्या नव्हे, तर मोकळ्या अवकाशांत तरंगत असल्यासारख्या रंगवीत. वस्तु ओळखीची, जागा मात्र अनोळखी. मनांत एखादी वस्तु आठवते तेव्हां तिच्याखालीं तरी जमीन कोठें असते? 'कोरा कॅनव्हास' ह्या पुस्तकांत त्यांनीं आपल्या विचारप्रक्रियेचा शोध घेतला आहे. १९९५ सालीं ते निवर्तले. २०१९ सालीं मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयांत त्यांचें मोठें प्रदर्शन भरलें, तेव्हां चित्रांबरोबर त्यांच्या रोजनिशाहि मांडल्या होत्या.

आतां ह्याच दृष्टीनें खुद्द डोलवीकडे पाहावें. धरमतरच्या खाडीकांठचा हा मुलूख भातखाचरांचा आणि खारबंदिस्तीचा. १९९० नंतरच्या दशकांत येथें पोलादाचा मोठा कारखाना उभा राहिला. समजा, गांवच्या तीन माणसांनीं डोलवीचें चित्र काढलें. म्हातारा बांध आणि भरतीचें पाणी काढील. कामगार रात्रपाळीचा भट्टीचा उजेड काढील. कारखान्यानंतर जन्मलेला मुलगा धुराडें काढील, तें आपण डोंगर काढतों तितक्या सहजपणें; कारण त्याच्या लेखीं दोन्ही सारखींच जुनीं. तीनहि चित्रें खरीं, आणि एकटें कोणतेंच पुरें नाहीं. त्यांतलें एकच भिंतीवर राहिलें, तर बाकीच्या आठवणी बार्टलेटच्या कथेंतील तपशिलांप्रमाणें गळून जातील, आणि गळाल्या हेंहि कोणाला कळणार नाहीं.

तेव्हां, श्रोतेहो, अशा प्रदर्शनास जाल तेव्हां चित्राखालची चिठ्ठी आधीं वाचूं नका. क्षणभर चित्रच पाहा, आणि आपल्याला काय आठवलें तें मनाशीं नोंदवा. नंतर चिठ्ठी वाचून चित्रकाराला काय आठवलें असेल ह्याचा अदमास घ्या. शेवटचें चित्र पाहून झाल्यावर पहिल्या चित्रापाशीं पुन्हां या. मधल्या चित्रांचा संस्कार घेऊन आलेल्या डोळ्यांना तें निराळें दिसेल. "हें कशाचें चित्र?" हा प्रश्न तेव्हांहि विचारावा, पण त्याच्याबरोबर "हें पाहणारा कोण?" असेंहि विचारावें.