मुलांसह दशाश्वमेध घाटावर

वाराणसीत गंगेच्या काठी सुमारे ८४ घाट आहेत. ब्रह्मदेवाने येथे दहा अश्वमेध यज्ञ केले, या आख्यायिकेवरून त्यांपैकी एकास ‘दशाश्वमेध’ हे नाव पडले. त्याला लागूनच अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा घाट आहे. जवळचे काशीविश्वनाथ मंदिर त्यांनीच १७८० मध्ये पुन्हा बांधविले.

लहान मुलांना हे सारे दाखवायचे असेल, तर सकाळी जावे. सायंकाळच्या गंगा आरतीच्या वेळी दाट गर्दी होते. तेव्हा मुलाच्या खिशात त्याचे नाव व आपला दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. पाण्यालगतच्या पायऱ्या निसरड्या असतात. पावसाळ्यात तर त्या पाण्याखाली जातात. म्हणून मुलाचा हात क्षणभरही सोडू नये. आरती दुसऱ्या दिवशीही पाहता येते.