थकवा झोपेने जात नाही तेव्हा

फेब्रुवारी २०२१. राज्यात बाकी ठिकाणी करोना ओसरल्यासारखा वाटत होता, तेव्हा अमरावती आणि अकोल्यात रुग्ण झपाट्याने वाढले आणि पुन्हा टाळेबंदी लागली. वर्षभर राबलेल्या परिचारिका, डॉक्टर, आशाताई, सफाई कामगार यांना उसंत मिळालीच नाही.

ताणात शरीर कॉर्टिसॉल हे संप्रेरक सोडते. एरवी ते पहाटे वाढते, रात्री उतरते. रात्रपाळ्या आणि सततची धास्ती यांनी हे चक्र बिघडते. मग अंग दमलेले असूनही झोप लागत नाही. त्यात पीपीई किट घालून तासन्‌तास घोटभर पाणीही नाही, आणि घरी म्हाताऱ्या आईबापाला लागण होईल ही भीती.

याहून खोल जखम वेगळीच. खाट एक आणि रुग्ण दोन असले की निवड करावी लागते, आणि ती आयुष्यभर टोचत राहते. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ जोनाथन शे यांना व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांत अशीच 'नैतिक जखम' दिसली होती. हा दुबळेपणा नव्हे. उलट, ज्याला कर्तव्याची चाड असते त्यालाच ती होते. म्हणूनच टाळ्या-थाळ्यांनी ती भरत नाही. पुरेशी माणसे, ठरलेली सुट्टी, वेळेवर मानधन आणि ऐकून घेणारा वरिष्ठ, हेच खरे औषध.

तुमच्या घरात कुणी परिचारिका किंवा आशाताई असेल, तर तिला आज निवांत बोलू द्या. गरज वाटल्यास टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो.